ओळखीचं कुणी नसलेला समुद्र

यंदा मे महिन्यात गावाला जायचं नाही, असं विमलाबाईंनी सांगितलं तेव्हा सुबोध परब दाढी करत होते. अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवून ते बाथरूमच्या दारात आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. एकोणतीस वर्षं दर मे महिन्यात परब मंडळी वेंगुर्ल्याजवळच्या आपल्या गावी जात आली होती, आणि न जाण्याचं कारण काय असू शकतं हेच त्यांना सुचेना. सुतक म्हणावं, तर सुतकात उलट लवकर जावं लागतं.

विमलाबाईंचं म्हणणं साधं होतं. गावचं घर समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तरी एकोणतीस वर्षांत त्या समुद्रावर गेल्या मोजून सहा वेळा, आणि त्यातल्या चार वेळा पाहुण्यांची हरवलेली पोरं शोधायला. बाकी सगळी सुट्टी आंबोशी सुकवण्यात, आमसुलं उलटीपालटी करण्यात आणि चाळीस माणसांच्या पंक्ती उठवण्यात गेली.

“मला एकदा समुद्रावर नुसतं बसायचंय,” त्या म्हणाल्या. “आणि तिथे ओळखीचं कुणी नको. ओळखीचं माणूस दिसलं की मी उठते. सवयच लागलीय.”

परबांनी उरलेली दाढी विचारपूर्वक केली. चेंबूरच्या एका पंख्यांच्या कारखान्यात ते स्टोअर्सचे मुख्य होते. कुठला स्क्रू कुठल्या खणात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, निदान स्टोअर्समध्ये तरी. नियोजन हा आपला प्रांत आहे, असं ते मानत. एक समुद्र शोधायचा, त्यात अवघड ते काय?

रविवारी ते नकाशा घेऊन बसले. अलिबागला मावसभाऊ. मुरूडला कारखान्यातले निम्मे लोक दर दुसऱ्या शनिवारी. गणपतीपुळ्याला तर मानखुर्दची त्यांची अख्खी ‘सागरदर्शन’ सोसायटी वर्षातून एकदा बस करून जायची. (सोसायटीच्या गच्चीवरून सागराचं दर्शन होत नसे. खाडीचं थोडं व्हायचं, देवनारच्या कचऱ्याच्या टेकडीचं भरपूर.) गोव्यात विमलाबाईंचा भाऊ. त्याला न सांगता गोव्यात गेलं तर तो जन्मभर बोलणार नाही आणि सांगून गेलं तर आठ दिवस गप्प बसणार नाही. थेट ओडिशातली पुरी गाठावी म्हटलं, तर तिथे चुलत मेहुणा रेल्वेत. भारताला साडेसात हजार किलोमीटरचा किनारा आहे, असं परबांना शाळेत शिकवलं होतं. त्यात एक किलोमीटरही नातेवाईकमुक्त नाही, हे मात्र त्यांना चोपन्नाव्या वर्षी कळलं.

तेव्हा त्यांची मुलगी श्रुतिका मध्ये पडली. ती अंधेरीला एका कंपनीत होती आणि जगातली कुठलीही गोष्ट फोनवर दोन मिनिटांत शोधून द्यायची. तिने शोधलं ते ट्युनिशिया नावाच्या देशातलं समुद्रकाठचं एक शहर. उत्तर आफ्रिका, समोर भूमध्य समुद्र, पांढरी वाळू, आणि नोव्हेंबरात तिथला हंगाम संपतो म्हणून राहणं आपल्याला परवडेल इतकं स्वस्त. मलेशियाला जाऊन आलेल्या शेजाऱ्यांना जे पडलं त्याहून फार जास्त पडणार नाही, असं ती म्हणाली.

“शहराचं नाव काय?”

“सूस.”

परबांनी चष्मा काढला. सूस म्हणजे पुण्याजवळचं. तिथे त्यांच्या एका सहकाऱ्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता आणि पाणी येत नाही म्हणून तो रडत असे. समुद्र तर फारच दूर. श्रुतिकाने नकाशा दाखवला तेव्हा त्यांची खात्री पटली. मग त्यांनी मुख्य प्रश्न विचारला, तिथे आपलं कोण आहे? कुणी नाही, श्रुतिका म्हणाली. तिच्या आईने डाळीच्या फोडणीत हिंग टाकता टाकता मान वळवून पाहिलं आणि त्या हसल्या. झालं, ठरलं.

आता ही बातमी घरातच ठेवायची होती, आणि ती ठेवलीही गेली असती. पण पुढच्याच आठवड्यात सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी काशीराम गावडे नोव्हेंबरात होणाऱ्या रंगकामावर देखरेख करायला माणूस शोधत होते आणि ते परबांकडे बघत होते. परबांना नाही म्हणणं जमत नसे. नाही म्हणण्याऐवजी ते मोठं कारण सांगत. आम्ही नोव्हेंबरात सूसला चाललोय, असं ते म्हणाले. सूसला जाऊन येऊन होतं, एक दिवस लागतो, असं गावडे म्हणाले. तेव्हा परबांचा स्वाभिमान उभा राहिला आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून सांगितलं, की हे सूस आफ्रिकेतलं.

सभेत टाकीच्या गळतीचा विषय होता. तो तिथेच राहिला आणि अजूनही तिथेच आहे.

त्यानंतर महिनाभर परबांना जिन्यात, गेटवर, दुधाच्या रांगेत सल्ले मिळत राहिले. तळमजल्यावरच्या आजोबांनी मलेरियाची गोळी आत्तापासून सुरू करायला सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाघ-सिंहांची चौकशी केली, आणि सूसमध्ये सिंह नाहीत हे ऐकून, मग एवढ्या लांब कशाला जाता, असं विचारलं. एकाच्या भाच्याला नायजेरियात कसा ताप आला होता ते त्यांनी तीनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा ऐकताना त्यांना स्वतःलाच कणकण वाटली. कारखान्यात तर फारच झालं. रजेच्या अर्जावर ‘सूस’ वाचून मॅनेजरसाहेबांनी अकरा दिवसांची खोडून दोन दिवसांची रजा मंजूर केली आणि समजुतीच्या सुरात सांगितलं, की पुण्याला हल्ली चांगल्या गाड्या आहेत. परबांना नवा अर्ज करावा लागला. त्यात त्यांनी खंडाचंही नाव घातलं. मग तो अर्ज वरच्या ऑफिसात गेला, कारण परदेशी जाणाऱ्या स्टोअर्स-मुख्याची परवानगी कोण देतं, हे खाली कुणालाच माहीत नव्हतं.

इथवर ठीक होतं. खरी गाडी अडली ती विकीकडे.

विकी म्हणजे घाटकोपरला फरसाणाच्या दुकानावर पोटमाळ्यात बसणारा प्रवासी एजंट. श्रुतिकाच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलेला. त्याच्या भिंतीवर बर्फाचे डोंगर होते आणि खालून तळणाचा वास येई, त्यामुळे कुठल्याही देशाची चौकशी केली तरी भूक लागायची. विकीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की कमी पैशांत हे व्हायचं असेल तर सहा माणसं हवीत. सहा असली की कागद एकदम जातात, व्हिसाची धावपळ एकच, तिकिटात सवलत. दोघांचं तो करतच नाही.

“मग चौघं अनोळखी शोधा आमच्यासाठी,” परब म्हणाले.

“अंकल, अनोळखी लोक शेवटच्या आठवड्यात पैसे परत मागतात,” विकी म्हणाला. “तुम्ही ओळखीचे आणा. ओळखीचे लाजेखातर तरी येतात.”

परब जिना उतरले. ज्या समुद्रावर ओळखीचं कुणी नको, तिथे जायला आता ओळखीची चार माणसं लागणार होती. हे घरी कसं सांगायचं याचा विचार करत त्यांनी अर्धा किलो पापडी-गाठी घेतल्या.

विमलाबाईंनी ऐकून घेतलं, पापडी डब्यात भरली, आणि एवढंच म्हणाल्या, की निदान शांत माणसं बघा.

शांत माणसं परबांच्या ओळखीत नव्हती. पहिले आले काशीराम गावडे, रंगकाम डिसेंबरात ढकलून. ते बिऱ्हाडात एकटे, मुलगा बंगळूरला, आणि सोसायटीचा सदस्य परदेशात जात असताना सेक्रेटरीने सोबत असावं असं त्यांना वाटत होतं. दुसरी सगुणाबाई. ही ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातली. गेली वीस वर्षं मंगळवार-शुक्रवार ‘सागरदर्शन’मध्ये मासळी घेऊन यायची आणि विमलाबाईंच्या दारात टोपली टेकवून चहा प्यायची. तिने सुरमई कापता कापता बेत ऐकला आणि माझं बी नाव घाला म्हणाली. पासपोर्ट आहे का, असं परबांनी जरा वरच्या सुरात विचारलं. सगुणाबाई दोनदा दुबईला आणि एकदा सिंगापूरला जाऊन आली होती. तिचा मुलगा जहाजावर होता. परब त्या वेळपर्यंत नेपाळच्या पलीकडे गेले नव्हते.

उरलेली दोन माणसं गावाहून आली. गावाला का येत नाही हे सांगायला परबांनी थोरल्या भावाला फोन केला होता.

“अरे, समुद्र बघूक आफ्रिकेत?” थोरले बंधू म्हणाले. “आमच्या दारात काय तळी आसा?”

परबांनी पुन्हा मोठं कारण सांगितलं. हवा, आरोग्य, भूमध्य समुद्रातलं मिठाचं प्रमाण. पलीकडे काहीतरी कुजबुज झाली. मग बंधू म्हणाले, तसा असात तर आमीय येतो. तुझी वयनी म्हणता, तिचेय सांधे दुखतत.

अशी सहा माणसं झाली.

या बंधूंचं, म्हणजे दादांचं, नाव धाकू. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, आणि घरातला सगळ्यात थोरला माणूस जन्मभर धाकू राहिला. गावात याची कुणाला अडचण नव्हती. पासपोर्ट काढायला गेल्यावर झाली. रेशनकार्डावर धाकू, आधारकार्डावर धाको, शाळेच्या दाखल्यावर धाकटू आणि सातबाऱ्यावर नुसतंच ‘विष्णूचा थोरला’. ही चारही माणसं एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. परब रजा काढून सावंतवाडीपर्यंत गेले, वकील गाठला, स्टँपपेपर झाला, मजकूर झकास झाला. शेवटी दादांनी सही केली. सहीत त्यांनी उकार पहिला काढला, म्हणजे ‘धाकु’. हा पाचवा माणूस निघाला. वकिलाने पेन खाली ठेवलं. दादांचं म्हणणं होतं, की सही आपली स्वतःची असते, ती कुणाच्या कागदाप्रमाणे का करायची. तत्त्व म्हणून ते परबांना पटलं, पण नवा स्टँपपेपर आणावा लागला.

हे सगळं निस्तरेपर्यंत गणपती येऊन गेले. ऑक्टोबरच्या एका रविवारी परबांच्या घरी सहाही जणांची बैठक भरली. दादा-वहिनी त्यासाठी आदल्या दिवशी गावाहून आले होते. वहिनींचं नाव रत्नप्रभा. त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच, भात तरी मेळतलो मा थय? विकीने फोनवर आनंदाची बातमी दिली. हॉटेलच्या खोल्यांपेक्षा स्वस्त असा समुद्रासमोरचा फ्लॅट मिळालाय, तीन खोल्या आणि आत भांड्याकुंड्यांसकट स्वयंपाकघर.

सगळ्यांचे चेहरे उजळले. गावडे म्हणाले, म्हणजे बाहेरचं खायला नको. दादा म्हणाले, म्हणजे मासे करता येतील. रत्नप्रभावहिनी म्हणाल्या, म्हणजे कुकर घ्यायला हवा. मग परबांनी वही काढली आणि कामांची वाटणी लिहायला घेतली. कागदपत्रं, गावडे. औषधं, वहिनी. सामानावर लक्ष, दादा. मासळीची पारख, सगुणाबाई. नियोजन, स्वतः. ‘स्वयंपाक’ असा शब्द लिहून त्यांनी पुढे न विचारताच ‘विमला’ लिहिलं. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. विमलावयनीच्या हातचं जेवण असताना चिंता कसली, असं गावडे म्हणाले आणि मसाला किती न्यावा लागेल यावर चर्चा सुरू झाली.

विमलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी पाच कप वाटले, सहावा श्रुतिकाला दिला, आणि ट्रे भिंतीला टेकवून ठेवला.

“मी सकाळी समुद्रावर जाणार,” त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता. “अंधार पडला की येणार. आठही दिवस. रांधायला मी नाही. ते धरून बेत होत असेल तर करा, नाहीतर माझं नाव काढा.”

वहिनींनी दादांकडे पाहिलं, दादांनी पंख्याकडे. सगुणाबाईने चहाचा घोट घेतला आणि मी पन नाय हां, मी बी सुटीवर हाय, असं सांगून टाकलं. गावडे बाहेरच्या जेवणाचे काय भाव असतील ते पुटपुटू लागले. परब वहीतल्या त्या एका ओळीकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं, वळणदार, स्टोअर्समधल्या खणांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांसारखं.

“जेवण मी करीन,” ते म्हणाले.

यावर दादा हसले. ते सहसा हसत नसत, त्यामुळे सुरुवातीला त्यांना ठसका लागलाय असंच वाटलं. मग गावडे हसले, मग वहिनी पदर तोंडाला लावून. श्रुतिकाने ‘पप्पा, तुम्ही?’ एवढंच म्हटलं आणि त्या दोन शब्दांत सगळं आलं. परबांना चहा करता येत होता, पण साखर कुठल्या डब्यात आहे ते विचारावं लागे. साडेचार हजार स्क्रूंचा ठावठिकाणा माहीत असलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या मोहरीचा पत्ता नव्हता. हसणं थांबल्यावर त्यांनी वहीतलं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं. विमलाबाईंनी नुसते कप गोळा केले, आणि परबांचा अर्धा राहिलेला कप मात्र त्यांच्यासमोर तसाच ठेवला.

पुढचा महिना परबांनी जो सोसला तो त्यांनाच ठाऊक. रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की ते ओट्यापाशी उभे राहत. श्रुतिका स्टुलावर बसून शिकवायची. पहिला भात लापशी झाला, दुसरा खडखडीत राहिला, तिसरा खालून लापशी आणि वरून खडखडीत झाला, जे श्रुतिकाच्या मते जमवणं कठीण होतं. फोडणीचा धूर जिन्यात गेला आणि गावडे वाळूची बादली घेऊन वर आले. नंतर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘आग नाही, परब आहेत’ असा मजकूर टाकला, त्यावर सत्तावीस जणांनी अंगठे दाखवले. परबांनी तो ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी पाण्याची वेळ कळेना म्हणून पुन्हा धरला.

मासे साफ करायला सगुणाबाईने शिकवलं, दारात, सगळ्या मजल्याच्या देखत. तिने एक तारली हातात दिली आणि खवले शेपटीकडून डोक्याकडे काढायला सांगितले. परबांनी उलटे काढले. मासा सुळकन हातातून सुटला आणि समोरच्या फ्लॅटच्या पायपुसण्यावर जाऊन पडला. ते शाकाहारी लोक होते. त्यांनी सहा दिवस परबांना नमस्कार केला नाही, आणि पायपुसणं कायमचं बदललं. सगुणाबाई मात्र हसली नाही. भाव, हात लेचा नको, मासा मेलेला हाय, तुमी कनाला घाबरता, असं म्हणून तिने दुसरी तारली पुढे केली. हळूहळू जमू लागलं. एका गुरुवारी परबांची डाळ बिनतक्रार संपली. त्या दिवशी त्यांनी ताट स्वतः धुतलं. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहाही जण निघाले. आखातातल्या एका विमानतळावर सात तास काढले, तिथे दादांनी सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला ठाम नकार दिला आणि साधा जिना शोधण्यात एक तास सत्कारणी लागला. मग ट्युनिस. तिथे तपासणीला वहिनींच्या पिशवीतून दोन किलो आमसुलं निघाली. काळी, सुरकुतलेली, चिकट. अधिकाऱ्याने एक नाकाशी नेलं आणि दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. परब इंग्रजीत समजावू लागले, गावडे हिंदीत, दादा मालवणीत. अधिकारी फ्रेंच बोलत होता. शेवटी वहिनींनी त्याच्या हातातलं आमसूल घेतलं, तोंडात टाकलं आणि त्याच्याकडे बघत सावकाश चोखलं. मग दुसरं त्याला दिलं. त्याने धीर करून जिभेला लावलं, एक डोळा मिटला, आणि पिशवीची चेन स्वतःच्या हाताने बंद करून दिली.

सूसचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. रस्ता ओलांडला की वाळू. समुद्र निळा, इतका, की दादांना तो रंगवलेला वाटला. त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे संशयाने पाहिलं आणि पाणी बरा आसा, पण लाटांक जीव नाय, असा निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलाबाईंनी चटई घेतली, पाण्याची बाटली घेतली, हिरव्या साडीवर श्रुतिकाचं स्वेटर चढवलं आणि त्या खाली गेल्या. मागे वळून त्यांनी काही सांगितलं नाही. परबांना वाटलं होतं, निदान मिठाचं तरी सांगतील.

मग परब आणि सगुणाबाई बाजारात गेले. मासळीच्या ओट्यामागे मिशीवाला एक आडदांड मासेवाला होता. सगुणाबाईने माशांच्या ढिगावर एक नजर टाकली आणि तारली हाय, बोय हाय, ती पलीकडची शिळी हाय, असं भराभर सांगितलं. मग तिने कल्ला उचलून मासेवाल्याला दाखवला आणि मान हलवली. तो आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ती आपल्या भाषेत बोलली. त्याने दोन बोटं दाखवली, तिने एक. त्याने आकाशाकडे हात केले, तिने टोपली उचलून निघाल्यासारखं केलं. शेवटी तो “बाही, बाही” म्हणाला. म्हणजे तिकडे ‘ठीक आहे’. सगुणाबाईला ते ‘बाई’ ऐकू आलं. हां, आता कसा बाई बोलला, असं म्हणून तिने समाधानाने दोन किलो तारली मोजून घेतली, आणि वर चार जास्त घातल्याशिवाय टोपली झाकली नाही. परबांचं तिथे पिशवी धरण्यापलीकडे काही काम नव्हतं. ते त्यांनी चोख केलं.

पहिल्या दिवशी तारल्यांचं तिखलं, म्हणजे तिरफळं घातलेलं दाट कालवण, खारट झालं. दुसऱ्या दिवशी अळणी. तिसऱ्या दिवशी गॅसची शेगडी वेगळी म्हणून भाताला तळ लागला, आणि गावडे पाव आणायला बाहेर गेले ते दोन तासांनी पोट भरून परत आले. दादा जेवताना एक शब्द बोलत नसत, आणि परबांना तेच जास्त लागे. वहिनी मदतीला उठत, तेव्हा परब त्यांना हाताने थांबवत. हा आता नुसत्या जेवणाचा प्रश्न राहिला नव्हता. एका स्टोअर्स-मुख्याच्या अब्रूचा होता.

स्वयंपाकघराला एक खिडकी होती आणि तिच्यातून वाळू दिसायची. कांदा चिरता चिरता परब डोळे पुसत आणि खाली बघत. तिथे एक हिरवा ठिपका असायचा. नऊ वाजता असायचा, अकराला असायचा, एकला असायचा. हलत नसे. पुस्तक नाही, फोन नाही, विणकाम नाही. तीस वर्षांच्या संसारात परबांनी बायकोला इतका वेळ एका जागी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांना काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी थोडा राग आला, की माणूस असा किती बसू शकतो. तिसऱ्या दिवशी तळ लागलेला कुकर घासताना त्यांच्या मनात आलं, की गावाला ती ज्या चाळीस माणसांच्या पंक्ती उठवायची त्यांत दर वेळी पहिल्या पंक्तीला आपण असायचो. बरेचदा आपण मीठ मागायचो. ते घासणं मग बराच वेळ चाललं.

पाचव्या दिवशी तिखलं जमलं. जमलं हे परबांना कळलं ते दादांनी दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा. “आज बरा झाला,” दादा म्हणाले आणि पुन्हा ताटात डोकं घातलं. परब ओट्याकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांना चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं.

संध्याकाळच्या खिचडीचा कुकर लावून त्यांनी दुपारचं एक ताट झाकून घेतलं आणि ते खाली गेले. विमलाबाईंनी जेवायला बोलावू नका असं सांगितलं होतं. आणून देऊ नका असं सांगितलं नव्हतं. हा मुद्दा परबांनी जिन्यात नीट तपासून घेतला.

विमलाबाईंनी ताट घेतलं आणि वाळूत मांडी घालून जेवल्या. तारलीचा काटा काढून बाजूला ठेवत, सावकाश. परब समोर उभे होते. बूट, मोजे, कमरेला अजून बांधलेला टॉवेल. लांब दोन मुलं चेंडू खेळत होती आणि वाळूत एक कुत्रा झोपला होता. ओळखीचं कुणी नव्हतं.

“दिवसभर काय करतेस?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” विमलाबाई म्हणाल्या. हे उत्तर जन्मात पहिल्यांदा देत असल्यासारख्या, जरा मान ताठ करून.

मग त्या चटईवर थोड्या सरकल्या. परबांनी बूट काढले, मोजे बुटात खोचले आणि ते बसले. आता काय करायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लाटा मोजायला घेतल्या. अठरापर्यंत आले असतील, तेवढ्यात वरून हाक आली. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून रत्नप्रभावहिनी अर्ध्या बाहेर आल्या होत्या.

“भावजी, कुकराच्यो पाच शिट्यो झाल्यो! गॅस बंद करू काय?”

किनाऱ्यावरची मुलं थांबली. कुत्र्याने डोकं वर केलं. परब गुडघ्यावर हात टेकून उठू लागले, इतक्यात टॉवेलाचं टोक कुणीतरी धरलंय असं त्यांना जाणवलं. विमलाबाई समुद्राकडेच बघत होत्या.

“बसा,” त्या म्हणाल्या. “त्या करतील बंद.”

परब अर्धे उठलेले, तसेच थांबले. वर खिडकीकडे बघून त्यांनी हाताने ‘करा’ अशी खूण केली आणि परत बसले. पुढची शिट्टी ते कान देऊन ऐकत राहिले. ती झाली नाही. आपण न उठताही कुठेतरी कुणीतरी गॅस बंद करतं, असंही या जगात होतं. काही माणसांना ते जन्मापासून माहीत असतं आणि काहींना त्यासाठी आफ्रिकेपर्यंत यावं लागतं, हे परबांच्या लक्षात आलं. ते काहीतरी बोलणार होते. पण विमलाबाईंनी डोळे मिटले होते, म्हणून त्यांनी लाटा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतल्या.